गिटारचा नाद आणि शेजाऱ्याची झोंप

कोणत्याही वाद्याचा इतिहास लिहितांना लेखक बहुधा तें वाद्य कोणीं शोधून काढिलें, कोणीं वाजविलें व कोणत्या सभेंत तें गाजलें एवढें सांगून थांबतात. त्या वाद्याच्या आवाजाची किंमत कोणीं दिली, हें मात्र क्वचितच लिहिलें जातें. विजेवर वाजणाऱ्या गिटारच्या बाबतींत ही किंमत लहान नव्हती. आणि ती पुष्कळदां वादकाऐवजीं त्याच्या आईबापांनीं, शेजाऱ्यांनीं व श्रोत्यांच्या कानांनीं दिली. आपल्या धर्मग्रामाच्या या ज्युबिली स्मरणिकेंत शाळेचा, निरनिराळ्या मंडळांचा व गायनवृंदाचा वृत्तान्त इतरत्र आलाच आहे. आमच्याकडे आलेलें काम निराळें आहे. गायनवृंदाच्या माडीवर हार्मोनियमच्या शेजारीं पायानें दाबावयाच्या कळा असलेली जी एक काळी पेटी अलीकडे दिसते, तिच्याविषयीं वडीलधारी मंडळी आम्हांस नित्य विचारीत असतात कीं, "फादर, हें आहे तरी काय?" या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देण्याजोगें नाहीं, त्याच्या पाठीमागें नव्वद वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे.

त्या पेटीस वादक मंडळी 'मॉडेलर' म्हणतात. जुन्या नामांकित ध्वनिवर्धकांचे आवाज, त्यांच्या स्पीकरांचे गुणधर्म, आणि प्रतिध्वनि, कंप इत्यादि अलंकार हे सर्व गणिताच्या साहाय्यानें एकाच ठिकाणीं उत्पन्न करणारा तो एक लहानसा संगणक होय. त्याचें महत्त्व काय, तें आरंभींच सांगून टाकितों. गेल्या शतकांत विजेच्या गिटारचा जो नाद जगाला आवडला, तो मोठ्या आवाजाशीं जखडलेला होता. आवाज कमी केला कीं नादाचा प्राण जाई. ही सांखळी तोडण्याची खटपट कारागिरांनीं अनेक वर्षें केली, व ती आमच्या पिढीच्या डोळ्यांदेखत सफल झाली. त्यापासून काय मिळालें व काय गमावण्याचें भय आहे, हें पाहणें पालकांस, तरुण वादकांस व गायनवृंदाच्या चालकांस सारखेंच उपयोगी पडेल.

दुबळ्या आवाजाचें वाद्य

गिटार ही मूळची दिवाणखान्यांतली. लांकडी पेटी व तारा यांच्या बळावर जेवढा आवाज निघेल तेवढीच तिची धांव. १९२० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत नृत्यगृहांचा काळ आला, आणि ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन व ड्रम यांच्या गर्दींत बिचाऱ्या गिटारचा आवाज कोणाच्या कानीं पडेना. १९२७ च्या सुमारास तिच्या पोटांत ॲल्युमिनियमचे पातळ शंकु बसवून आवाज वाढविण्याचा प्रयत्न झाला. त्यानें थोडें काम भागलें, पण पुरतें भागलें नाहीं.

१९३१ सालीं लॉस एंजेलिस येथें जॉर्ज बीचम व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं निराळाच मार्ग काढिला. पोलादी तारांजवळ लोहचुंबक व बारीक तांब्याच्या तारेचें वेटोळें ठेविलें असतां, तार कंप पावतांच वेटोळ्यांत अत्यंत क्षीण असा विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो वाढवून स्पीकरला दिला म्हणजे आवाज हवा तेवढा मोठा करितां येतो. त्यांचें वाद्य १९३२ पासून विक्रीस आलें. तें ओतीव ॲल्युमिनियमचें असून मांडीवर आडवें ठेवून हवाई बेटांच्या पद्धतीनें वाजवावयाचें होतें; वाटोळें अंग व लांब दांडा पाहून लोकांनीं त्यास 'फ्राइंग पॅन', म्हणजे तळणीचा तवा, असें नांव ठेविलें. या कल्पनेचें पेटंट १९३७ च्या ऑगस्ट महिन्यांत मंजूर झालें.

प्रवाह वाढविण्याची विद्या तोंवर तयार होतीच. ली डी फॉरेस्ट यांनीं १९०६ सालीं तीन विद्युदग्रांची निर्वात नलिका बनविली होती. आपल्याकडील रेडिओ दुरुस्त करणारे तिला 'व्हॉल्व्ह' म्हणत. १९२५ सालीं राइस व केलॉग या दोघां अमेरिकन संशोधकांनीं, आज आपण ज्यास स्पीकर म्हणतों त्याचें रूप निश्चित केलें. वाद्य, व्हॉल्व्ह व स्पीकर हीं तिन्ही एकत्र येतांच गिटारचें दैव उघडलें. १९३९ सालीं चार्ली ख्रिश्चन हा कृष्णवर्णी तरुण बेनी गुडमन यांच्या ताफ्यांत दाखल झाला व मागच्या रांगेंत ताल धरणाऱ्या गिटारला त्यानें पुढल्या रांगेंत आणून सॅक्सोफोनच्या बरोबरीनें बोलतें केलें. दुर्दैवानें हा गुणी वादक १९४२ सालीं अवघ्या पंचविसाव्या वर्षीं मरण पावला. परंतु त्यानें दाखविलेली वाट पुनः बंद झाली नाहीं.

दोषाचा गुण झाला

ध्वनिवर्धकाचें काम हें कीं, आलेला क्षीण प्रवाह त्याच्या रूपांत फरक न करितां मोठा करून द्यावा. परंतु प्रत्येक व्हॉल्व्हची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे त्यास लोटलें असतां लाटांचीं शिखरें दबून चपटीं होतात, आणि मूळ स्वरांत नसलेले उपस्वर त्यांत मिसळतात. अभियंत्याच्या दृष्टीनें हा उघड दोष. वादकांस मात्र असें आढळून आलें कीं, हा दोष एकदम न येतां बोटांच्या जोराप्रमाणें हळूहळू चढत जातो. तार हलकेच छेडली तर स्वर स्वच्छ राहतो, जोरानें छेडली तर तो घोगरा होतो व सारंगीच्या स्वरासारखा लांबतो. छेडतांच विरून जाणारा जिचा स्वर, ती गिटार आतां गाऊं लागली.

या नादाचे जे घडविणारे झाले त्यांत तिघांचीं नांवें प्रथम घ्यावीं लागतात. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन येथें रेडिओ दुरुस्तीचा धंदा करणारे लिओ फेंडर यांनीं १९४६ सालीं आपली वाद्यांची कंपनी उभी केली. आश्चर्य हें कीं, त्यांस स्वतःस गिटार वाजवितां येत नसे. त्यांचा 'बेसमन' नांवाचा ध्वनिवर्धक १९५२ सालीं बास गिटारसाठीं निघाला, परंतु पुढें साध्या गिटारवाल्यांनींच तो उचलला. इंग्लंडांत डार्टफर्ड येथील टॉम जेनिंग्ज यांच्या कारखान्यांत डिक डेनी यांनीं 'व्हॉक्स एसी ३०' हा ध्वनिवर्धक १९६० च्या आसपास सिद्ध केला. लंडनच्या हॅनवेल भागांत दुकान असलेले जिम मार्शल हे मूळचे ड्रमवादक व ड्रमचे शिक्षक. त्यांच्या दुकानांतील कारागिरांनीं १९६२ सालीं फेंडरच्या बेसमनची मांडणी समोर ठेवून 'जेटीएम ४५' बनविला. मांडणी बहुतांशीं तीच. पण सुटे भाग व स्पीकर निराळे, त्यामुळें नादही निराळा. या तीन घराण्यांचे ध्वनिवर्धक आपापल्या परीनें इतके गाजले कीं, आजच्या मॉडेलरमध्यें पहिल्या प्रथम हेच तीन आवाज शोधले जातात.

गोंगाटाचें गणित

पुढें श्रोत्यांची संख्या वाढत गेली, आणि तिच्या पाठोपाठ ध्वनिवर्धकांचा आकारही. १५ ऑगस्ट १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें बीटल्स मंडळींनीं पंचावन्न हजारांहून अधिक लोकांपुढें कार्यक्रम केला. व्हॉक्स कंपनीनें त्यांच्यासाठीं शंभर वॅटचे ध्वनिवर्धक दिले होते. तरी श्रोत्यांच्या किंकाळ्यांत वादकांस स्वतःचें वाजविणेंही ऐकूं येईना. त्याच सुमारास 'द हू' या ताफ्याचे पीट टाऊनसेंड यांच्या आग्रहावरून मार्शल यांनीं शंभर वॅटचा ध्वनिवर्धक व त्याखालीं एकावर एक रचलेल्या स्पीकरांच्या पेट्या बनविल्या. पुढें याच टाऊनसेंड यांनीं आपली श्रवणशक्ति बाधित झाल्याचें जाहीर रीतीनें सांगितलें, व तरुण वादकांस कान जपण्याचा उपदेश केला.

येथें थोडें गणित सांगणें अवश्य आहे, कारण त्यावांचून पुढील सर्व इतिहासाचें मर्म कळणार नाहीं. वॅट दुप्पट केल्यानें आवाज दुप्पट होत नाहीं. तो केवळ ३ डेसिबेलनीं वाढतो. आपल्या कानाला आवाज दुप्पट वाटावा तर वॅट सुमारें दसपट करावे लागतात. म्हणजे दहा वॅटचा ध्वनिवर्धक हा शंभर वॅटच्या निम्म्यानें ऐकूं येतो. आतां हेंच उलट बाजूनें पाहा. गिटारचा सामान्य स्पीकर एकाच वॅटवर, एक मीटर अंतरावरून, सुमारें ९७ ते १०० डेसिबेल आवाज देतो. १०० डेसिबेल आवाज दिवसाकाठीं पंधरा मिनिटांहून अधिक ऐकूं नये, अशी अमेरिकेंतील कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस आहे. तेव्हां 'लहानसा पांच वॅटचा घेतला म्हणजे झालें' असें समजणारा वादक फसतो. व्हॉल्व्हचा गोड नाद हवा तर त्यास मर्यादेपर्यंत लोटलें पाहिजे, आणि लोटलें म्हणजे पांच वॅटही घरांत मावत नाहींत.

परिणाम असा झाला कीं, ज्याचें घर मोठें, शेजार दूर व खिसा भारी, त्यालाच त्या नादाचा अभ्यास करणें साध्य होई. भाड्याच्या एका खोलींत राहणाऱ्या मुलानें तो केवळ तबकडीवर ऐकावा. विद्येच्या मार्गांत अशी भिंत उभी राहणें ही आमच्या मतें या इतिहासांतील खरी दुःखाची बाजू होय.

आपल्या बाजूचा वृत्तान्त

आपल्याकडे विजेची गिटार आली ती मुख्यतः मुंबईच्या नृत्यगृहांच्या व चित्रपटांच्या मार्गानें. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले अनेक वादक मुंबईस येऊन स्थायिक झाले. त्यांतील अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्यांनीं हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदाला घडण दिली. १९७१ सालीं 'हरे रामा हरे कृष्णा' या चित्रपटांतील 'दम मारो दम' या गीतांत भूपिंदर सिंग यांनीं वाजविलेली गिटार घरोघर पोंचली. परंतु परदेशी ध्वनिवर्धक सामान्य माणसाच्या आटोक्यांत नव्हता. १९९१ पर्यंत आयातीवर कडक निर्बंध होते. कोणी आखातांतून किंवा बोटीवरील नोकरींतून येतांना घेऊन आला तरच तो दृष्टीस पडे.

उपासनेंत गिटार येण्याचा इतिहासही याच काळांतला. पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीतकारांची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणादिवशीं, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढून पियानोला व ढोल-झांजांसारख्या गोंगाटी वाद्यांना ख्रिस्तमंदिरांत मनाई केली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानांत पाइप ऑर्गनचा मान कायम राखून, उपासनेस योग्य असतील व योग्य करितां येतील अशीं इतर वाद्यें स्थानिक अधिकाऱ्यांच्या संमतीनें घेण्यास मोकळीक दिली. ५ मार्च १९६७ च्या सूचनापत्रानें एक महत्त्वाची अट घातली: वाद्यांनीं कंठांना आधार द्यावा, पण शब्द ऐकूं येऊं नयेत इतके त्यांस झांकून टाकूं नये. मराठी मिस्सा व मराठी गीतें यांच्याबरोबर गिटार माडीवर चढली ती या अटीसह चढली, हें विसरूं नये.

आम्ही सेमिनरींत शिकत होतों त्या काळीं विजेची गिटार सभागृहांतील भाषणाच्या ध्वनिवर्धकासच जोडीत असत. तिचा आवाज कर्ण्यांतून माशीच्या गुणगुणण्यासारखा येई, आणि दोष गिटारचा आहे असें सर्वांस वाटे. वस्तुतः दोष जोडणीचा होता. गिटारचा खास स्पीकर साधारण ५००० हर्ट्झच्या वरचे कर्कश उपस्वर आपोआप गाळून टाकितो. भाषणाचा कर्णा नेमके तेच पुढें करितो. म्हणजे स्पीकर हा केवळ आवाज बाहेर टाकणारा नळ नसून, तो वाद्याचाच एक भाग आहे. ही गोष्ट नीट ध्यानीं आल्याखेरीज मॉडेलरची युक्ति समजणार नाहीं.

आवाजाची आंकड्यांत मांडणी

सांखळी तोडण्याचे पहिले प्रयत्न आंकड्यांचे नव्हते. १९४७ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. त्याच्या आधारें जपानच्या रोलंड कंपनीनें १९७५ सालीं काढिलेला 'जाझ कोरस १२०' हा ध्वनिवर्धक आपल्या निर्मळ आवाजासाठीं आजही नांवाजला जातो. पण व्हॉल्व्हचा घोगरेपणा त्यास साधला नाहीं, व वजनही हलकें झालें नाहीं. १९८२ सालीं टॉम शोल्झ या अभियंता-वादकानें 'रॉकमन' नांवाची कमरेला अडकविण्याची डबी काढिली. तिला हेडफोन लावून मध्यरात्रींही वाजवितां येई. १९८९ सालीं अँड्र्यू बार्टा यांच्या 'सॅन्सअँप' या पायपेटीनें ध्वनिवर्धकावांचून थेट ध्वनिमुद्रण करण्याची सोय केली. हे सर्व मार्ग दिशा दाखविणारे होते. मुक्कामाला पोंचविणारे नव्हते.

मुक्काम गांठला तो आंकड्यांनीं. गिटारमधून येणारा प्रवाह दर सेकंदास ४८,००० वेळां मोजावा, प्रत्येक मोजणीचा आंकडा लिहावा, त्या आंकड्यांवर गणित करावें, आणि उत्तराचें पुनः प्रवाहांत रूपांतर करावें, अशी ही पद्धति. व्हॉल्व्ह प्रवाहाशीं जें जें करितो त्याचें समीकरण मांडिलें, कीं आंकडेच व्हॉल्व्हचें काम करूं लागतात. रोलंडनें १९९५ सालीं 'व्हीजी-८' हें या जातीचें यंत्र काढिलें. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील 'लाइन सिक्स' या कंपनीनें अशा गणितावर चालणारा पहिला ध्वनिवर्धक बाजारांत आणिला. आणि १९९८ सालीं तिनेंच घेवड्याच्या बीच्या आकाराची, तांबड्या रंगाची 'पॉड' नांवाची पेटी काढिली. ती टेबलावर मावत असे व थेट ध्वनिमुद्रकाला जोडतां येत असे. घरीं बसून गाणीं मुद्रित करणाऱ्यांच्या हातांत ती लवकरच दिसूं लागली.

तरीही जाणते कान तृप्त नव्हते, आणि उणीव मुख्यतः स्पीकरच्या बाजूची होती. तिचा उपाय समजावा म्हणून एक घरगुती उदाहरण देतों. रिकाम्या ख्रिस्तमंदिरांत उभें राहून एकच टाळी वाजवावी. टाळी क्षणांत संपते. पण भिंती, छत व खांब यांवरून आपटून येणारा जो प्रतिध्वनि मागें राहतो, तो त्या इमारतीचा अंगठ्याचा ठसाच होय. तसाच ठसा स्पीकरचा व त्याच्या पेटीचा घेतां येतो, आणि तो सेकंदाच्या कांहीं शतांश भागांत संपतो. गिटारच्या स्वराचा प्रत्येक अंश ही एक चिमुकली टाळी समजून, प्रत्येक टाळीमागें तो ठसा उमटवून सर्वांची बेरीज केली, म्हणजे साध्या स्पीकरमधूनही तो नामांकित स्पीकर बोलूं लागतो. बेरजा अफाट, पण संगणकाला त्यांचा कंटाळा नाहीं.

२००६ सालीं 'फ्रॅक्टल ऑडिओ' कंपनीच्या 'ॲक्स-एफएक्स' या यंत्रानें धंदेवाईक वादकांची खात्री पटविली. २०११ सालीं जर्मनींतील क्रिस्टोफ केंपर यांनीं निराळी रीति आणिली: खऱ्या ध्वनिवर्धकांत ठराविक ध्वनि सोडावयाचे, मायक्रोफोननें उत्तर ऐकावयाचें, आणि त्यावरून त्याच ध्वनिवर्धकाची हुबेहूब छबी उतरावयाची. २०१५ सालीं लाइन सिक्सनें 'हेलिक्स' काढिलें. त्यांत ध्वनिवर्धक, स्पीकर, अलंकार व पायाच्या कळा हें सर्व एकाच फळीवर आलें. पुढें फिनलंडच्या 'न्यूरल डीएसपी' कंपनीच्या यंत्रानें मेंदूच्या नमुन्यावर रचलेल्या गणितजालाकडून हें नक्कल करण्याचें काम करविलें. व्हॉक्स एसी ३० उचलावयाचा तर तीस किलोहून अधिक भार. आजचीं लहान यंत्रें एक-दोन किलोचीं असून पाठीवरच्या पिशवींत मावतात. लोकलच्या गर्दींतून गिटार घेऊन जाणाऱ्यास या फरकाचें महत्त्व सांगावयास नको.

घरीं व कार्यक्रमांत

आतां ज्यांच्या हातीं हें यंत्र आलें आहे त्यांच्यासाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी.

घरीं हेडफोन लावून किंवा लहान स्पीकरवर वाजवावें. शेजार शांत राहतो. परंतु हेडफोनचाही आवाज बेतानेंच ठेवावा, कारण कानास इजा शेजाऱ्यास न कळतांही होते. घरीं हलक्या आवाजांत जुळविलेला नाद सभागृहांत बिघडतो, अशी तक्रार प्रत्येक नवशिक्या करितो. त्याचें कारण यंत्रांत नसून मनुष्याच्या कानांत आहे. १९३३ सालीं फ्लेचर व मन्सन यांनीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान असतां आपणांस खर्जाचे व फार उंच स्वर कमी ऐकूं येतात. म्हणून घरीं आपण ते वाढवून ठेवितों, आणि सभागृहांत तेच घुमूं व टोंचूं लागतात. उपाय सोपा आहे: कार्यक्रमाचा नाद एकदां तरी मोठ्या आवाजावर, इतर वाद्यांच्या संगतींत, जुळवून ठेवावा, खर्ज व प्रतिध्वनि कमी करावे, कारण खर्जाची जागा बासची आहे व प्रतिध्वनि इमारत स्वतःच देते.

यंत्र थेट मिक्सरला जोडावयाचें असेल तर स्पीकरचा ठसा चालू ठेवावा. खऱ्या गिटार-ध्वनिवर्धकास जोडावयाचें असेल तर तो बंद करावा, नाहींतर एकावर दुसरा स्पीकर चढून आवाज कोंदट होतो. मोजणी व गणित यांस जो विलंब लागतो तो बहुतेक चांगल्या यंत्रांत थोड्या सहस्रांश सेकंदांचा असतो. ध्वनीस एक मीटर जावयास सुमारें तीन सहस्रांश सेकंद लागतात, हें लक्षांत घेतां तो विलंब ध्वनिवर्धकापासून एक-दोन पावलें मागें सरकल्याइतकाच. यंत्र संगणक असल्यामुळें वीज क्षणभर गेली तरी तें पुनः जागें होण्यास वेळ घेतें. म्हणून बॅटरीवर चालणारा वीजपुरवठा जवळ असावा. यंत्रांतील सर्व जुळवण्यांची एक प्रत घरीं जपून ठेवावी, व सणाच्या आदल्या रात्रीं त्याची नवी आज्ञावली चढविण्याच्या भरीस पडूं नये. तीन-चार नाद निवडावे, त्यांचा आवाज एकमेकांशीं बरोबरीचा करावा, आणि मग यंत्राकडे न पाहतां गाणाऱ्यांकडे पाहावें.

कायद्याचाही विसर पडूं देऊं नये. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं निवासी भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे, आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिवर्धक वाजविण्यास सामान्यतः बंदी आहे. वर सांगितलेल्या एका वॅटच्या ९७ डेसिबेलशीं हे आंकडे ताडून पाहिले म्हणजे लग्नाच्या आदल्या रात्रीं मांडवाशेजारच्या आजाऱ्याची काय स्थिति होत असेल, हें कोणासही कळेल.

जमाखर्च

जमेच्या बाजूस पहिली रक्कम ही कीं, विद्येच्या वाटेंतली ती भिंत पडली. दिवसभर नोकरी करून रात्रीं दहाला घरीं येणारा तरुण, आईबाप झोंपले असतां, त्याच खोलींत एसी ३० वर रियाज करूं शकतो, आणि कोणाची झोंप मोडत नाहीं. दुसरी रक्कम ही कीं, ख्रिस्तमंदिरांत गिटारचा आवाज आतां वादकाच्या पाठीशीं उभ्या असलेल्या पेटीच्या स्वाधीन न राहतां मिक्सरवर बसलेल्या माणसाच्या बोटाखालीं आला. १९६७ ची ती अट पाळण्यास यापूर्वीं अडचण होती. आतां सबब उरली नाहीं. स्तोत्राचे शब्द शेवटच्या बाकावरील आजीबाईस ऐकूं आले नाहींत, तर दोष यंत्राला देतां येणार नाहीं.

खर्चाची बाजूही प्रामाणिकपणें मांडिली पाहिजे. १९६२ सालचा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक आजही कुशल कारागीर डाग देऊन दुरुस्त करितो, जरी व्हॉल्व्ह बनविणारे कारखाने आतां मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन एवढ्या देशांतच उरले आहेत. आंकड्यांच्या यंत्राचें तसें नाहीं. बनविणाऱ्यानें त्याच्याकडे पाठ फिरविली, कीं तें हळूहळू निरुपयोगी होतें. आमच्या माडीवरील हार्मोनियमचे भाते बदलून ती अजून गाते आहे. काळी पेटी आमच्या धर्मग्रामाच्या पुढील ज्युबिलीपर्यंत टिकेल असें आम्हांस वाटत नाहीं. म्हणून धर्मग्रामाच्या पैशानें असें यंत्र घेतांना तें अमुक वर्षें उपयोगी पडेल असा हिशेब करूनच घ्यावें, आणि हार्मोनियम मोडींत काढूं नये.

दुसरा खर्च याहून सूक्ष्म आहे. पेटींत शंभर ध्वनिवर्धक भरलेले असतां मुलगा सायंकाळभर आवाज बदलीत बसतो व एकही गत पुरी वाजवीत नाहीं. फेंडर, डेनी व मार्शल यांच्या काळच्या वादकांजवळ एकच ध्वनिवर्धक असे. त्याच्या उणिवांशीं झगडतां झगडतां त्यांचा हात तयार झाला. आजच्या वादकापुढें उणीव उरली नाहीं, म्हणून त्यानें स्वतःच स्वतःस मर्यादा घालून घेतली पाहिजे. एक महिना एकच नाद घेऊन वाजवावें, अशी आमची आमच्या गायनवृंदांतील तरुणांस सूचना आहे. ज्यांनीं ती पाळली त्यांचा हात सुधारलेला आम्हीं पाहिला आहे.

ज्या मुलांस घरीं वाजविण्यास जागा नाहीं त्यांच्यासाठीं ती पेटी आठवड्यांतून तीन सायंकाळीं, हेडफोनसह, धर्मग्रामाच्या सभागृहांत ठेवावी असें आम्हीं सुचविलें आहे. ज्यांच्या घरीं जुनी, तारा तुटलेली गिटार माळ्यावर पडून असेल त्यांनीं ती तेथें आणून द्यावी. तारा बसविण्याचा खर्च गायनवृंद करील. इत्यलम्.